दोन नंबरला भेटायला

सोसायटीतल्या बायका विचारतात, ‘काय मग, कशी झाली इंग्लंडची ट्रिप?’ मी ‘छान’ म्हणते आणि भाजीची पिशवी उचलून लिफ्टकडे चालू लागते. छान मुळीच झाली नाही. पण वारज्याला आमची लिफ्ट खाली यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात सांगून संपेल अशीही ती नाही. जे गेलेले नाहीत त्यांच्यासाठी प्रवासाबद्दल लिहितात म्हणे. मी लिहायला बसले त्याचं कारण वेगळं आहे. ज्याला सांगायचं होतं त्याला मी वेळेवर सांगितलं नाही.

आधी आम्ही कोण, ते. मी सदाशिव पेठेतली. मांजरीच्या पुढे एक साखर कारखाना होता. त्याच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायला लागले, तेव्हा आमच्या घरच्यांना मांजरी म्हणजे परदेशच वाटत होता. हे मांजरीचे, शेतकऱ्याघरचे. कारखान्याची स्वतःची छोटी रेल्वे होती. दीड हात रुंदीच्या रुळांवरून दोन वाफेची इंजिनं शेतांतला ऊस ओढून आणायची, आणि त्यांतल्या एकावर हे ड्रायव्हर. सगळी वसाहत मला ‘बाई’ म्हणायची, तसे हेही म्हणायचे. लग्न झालं, दोन्हीकडची माणसं वर्षभर बोलली नाहीत, मग बोलायला लागली. ह्यांचं ‘बाई’ आणि ‘तुम्ही’ मात्र सुटलं नाही. मी ‘अहो’, हे ‘बाई’. मूलबाळ नाही, त्यामुळे ह्यांना सुधारायला घरात तिसरं कुणी नव्हतं.

ड्रायव्हर लोक इंजिनाला गाडीच म्हणतात. ह्या गाड्यांना नावं नव्हती. एक नंबर आणि दोन नंबर. ह्यांची दोन नंबर. ‘माझी दोन नंबरची फार गुणाची’ असं हे चारचौघांत म्हणाले की नवे पाहुणे माझ्याकडे दयेनं बघायचे.

मग ट्रॅक्टर आले, रूळ उखडले, दोन्ही गाड्या शेडमध्ये उभ्या राहिल्या. काही वर्षांनी लिलाव झाला. एक नंबर भंगारवाल्यानं तोडली. दोन नंबर इंग्लंडच्या एका हौशी मंडळानं घेतली आणि बोटीनं नेली. त्या दिवशी ह्यांनी वसाहतीत पेढे वाटले. ‘माझी वाचली’, एवढंच प्रत्येकाला सांगत होते. पुढे कारखाना बंद पडला, मांजरीची जमीन भावाभावांत वाटली जाऊन तिच्यावर इमारती उभ्या राहिल्या, आम्ही वारज्याला चौथ्या मजल्यावर राहायला आलो. कशाचंही ह्यांना फारसं वाईट वाटलं नाही. काहीही झालं तरी ह्यांची गाडी कुठेतरी धडधाकट होती.

माझे थोरले दीर शेवटी शेवटी सगळं विसरले. आधी नावं, मग घर. एके दिवशी त्यांना त्यांच्याच मळ्यात उभं केलं तर म्हणाले, हा कुणाचा मळा? हे शेजारीच उभे होते. तेव्हापासून ह्यांच्या मनात भीतीनं घर केलं. चष्मा सापडला नाही की चेहरा पांढराफटक. दूध उतू गेलं की दिवसभर गप्प. मी म्हणायची, अहो, माझंही जातं उतू. पण ते पालथ्या घड्यावर पाणी.

अशात ह्यांच्या भाच्यानं, तो हिंजवडीला आयटीत आहे, एका रविवारी मोबाइल पुढे केला. ‘मामा, तुझं इंजिन ऑनलाइन आहे. फुल्ली रिस्टोअर केलंय, रनिंग आहे.’ हिरव्या रंगाचं एक इटुकलं इंजिन, आणि त्याच्या अंगावर पितळी पाटी: आमच्या कारखान्याचं नाव आणि दोनचा आकडा. हे बराच वेळ बघत बसले. भाचा गेल्यावर म्हणाले, ‘बाई, मला एकदा तिच्यापुढं उभं करा. मी तिला वळखलं, तिच्यावर हात चालला, तर डोकं शाबूत हाय. नाय वळखलं, तर मग थोरल्याच्या वाटंनं निघालो म्हनायचं.’

तिथेच नाही म्हणायला हवं होतं. पेपर आपणच काढायचा, आपणच सोडवायचा आणि निकालही आपणच लावायचा, ही पद्धत जन्मभर शिकवणाऱ्या बाईला पटायला नको होती. पण मी मंडळाला ई-मेल पाठवली. ‘आपले स्वागत आहे’ असं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, आणि उन्हाळ्यात आम्ही निघालो.

रिकामी शेड

विमानाचं वर्णन करत नाही, ते सगळ्यांचं सारखंच असतं. लंडनलाही थांबलो नाही. वेल्सच्या अलीकडे एक लहानसं गाव आहे, तिथे एका बाईंच्या घरी मुक्काम केला. त्यांच्याकडे न्हाणीघरातसुद्धा गालिचा होता. हे पहिल्या दिवशी आंघोळीला गेले आणि तसेच कोरडे बाहेर आले. म्हणाले, पाणी वतायचं कुठं? सकाळी न्याहारीला टोमॅटोच्या रसातला गोड राजमा आणि भाजलेला पाव. ह्यांनी खिशातून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढली आणि दोन घासांत सगळं संपवलं. बाईंनी चटणीचा वास घेतला, चिमूटभर चाखली आणि पाणी आणायला आत गेल्या.

गावाबाहेर त्या मंडळाची हौशी रेल्वे. दोन-अडीच मैलांची लाईन, एक स्टेशन, एक शेड, आणि ती चालवणारी सगळी रिटायर माणसं. पगार कुणालाच नाही. हे मला फार लागलं. आमच्याकडे रिटायर माणूस सकाळी बागेतल्या बाकावर बसून महापालिकेला नावं ठेवतो. तिथला त्याच वयाचा माणूस तेलाचं फडकं घेऊन चाकं पुसत बसतो.

शेडमध्ये आमची गाडी नव्हती. कुंपण रंगवणाऱ्या एका आजोबांनी सांगितलं की ती पाहुणी गेली आहे. त्यांच्याकडे ही छोटी इंजिनं ट्रकवर घालून एकमेकांच्या रेल्वेवर काही दिवस पाठवतात, लोकांना नवं इंजिन बघायला मिळावं म्हणून. मला ई-मेलमध्ये दिलेली तारीख बरोबर होती. फक्त त्या तारखेला गाडी दुसऱ्या गावी असेल, हे कळवायचं राहून गेलं होतं. ते सज्जन गृहस्थ इतक्या वेळा सॉरी म्हणाले की मला माझं ठेवणीतलं बोलताच येईना.

हे तोवर शेडमध्ये शिरले होते. रुळांमध्ये जमिनीवर तेलाचे डाग होते, ते वाकून बघत होते.

‘डाव्या बाजूनं गळतंय,’ हे म्हणाले. ‘माझी उजव्या बाजूनं गळायची.’

मी म्हटलं, अहो, इतक्या वर्षांत दुरुस्त्या झाल्या असतील. उजवीकडचं बंद केलं असेल, डावीकडचं सुरू झालं असेल. हे ‘व्हय’ म्हणाले. पण परत येताना बसमध्ये दोनदा स्वतःशीच हात हलवून त्यांनी डावं-उजवं केलं, ते मी पाहिलं.

डोंगरातली लाईन

दुसऱ्या दिवशी दोन गाड्या आणि एक बस बदलून डोंगरात गेलो. डोंगर म्हणजे आपल्या सिंहगडासमोर लाजतील असे, पण हिरवेगार, आणि त्यांच्यावर मेंढ्या. रिपरिप चालूच होती. स्टेशनवर मंडळाचे कीथ नावाचे गृहस्थ, गाडीबरोबर आलेले, आमची वाट बघत उभे होते. ते आयुष्यभर पोस्टमन होते, आणि त्या इंजिनाच्या दुरुस्तीत त्यांची अकरा वर्षं गेली होती. ह्यांना बघून त्यांनी टोपी काढली. ह्यांनी नमस्कार केला. मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले, आणि माझं दुभाषाचं काम सुरू झालं.

गाडी फलाटाला लागून उभी होती. निखारे धगधगत होते, वाफ निघत होती. आमच्या स्वयंपाकघरात मावेल एवढीशी. काळ्याची हिरवी झालेली, कडांना लाल रेघ, पितळ लखलखीत. मी ह्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिले. मनात मांडे खाल्ले होते ना: हे धावतील, हात लावतील, डोळ्यांना पदर, म्हणजे रुमाल लावतील.

हे उभेच राहिले. मग एकदा पूर्ण फेरी मारली, सावकाश, आणि परत माझ्यापाशी आले.

‘हीच का?’

‘हीच की. ही बघा पाटी, दोन नंबर.’

हे पाटीजवळ गेले. तिच्यावरून बोटं फिरवली. ‘पाटी वळखली,’ म्हणाले. ‘पाटी माझीच हाय.’ आणि हसण्याचा प्रयत्न केला. मी म्हटलं, रंग बदलला म्हणून तसं वाटतंय. माणूस नव्या कपड्यात ओळखू येत नाही, हे तर इंजिन.

पिशवीतून पुण्याहून आणलेला नारळ काढला. ह्यांनी तो रुळावर फोडला, पाणी चाकांवर शिंपडलं. एका तरुण गार्डबाईंना करवंटीच्या तुकड्यांची भलतीच काळजी वाटली. कीथनी स्वतः सुपली आणून तुकडे गोळा केले, मग खोबऱ्याचा एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले, आम्ही रोज सकाळी तीन तास हिला पुसतो, तीच आमची पूजा. हे मी ह्यांना सांगितलं तेव्हा हे पहिल्यांदा मनापासून हसले. ते हसणं मी जपून ठेवलं आहे, कारण त्यानंतर तसं काही झालं नाही.

कीथनी ह्यांना वर चढवलं, ड्रायव्हरच्या जागी बसवलं. मी खाली फलाटावर. ह्यांनी पुढे बघत, न बघताच, डावा हात वर केला. बोटं मिटली ती हवेवरच. तिथे काही नव्हतं. शिट्टीची साखळी उजवीकडे होती.

हे माझ्याकडे वळले. ‘बाई, त्यांना इचारा, शिट्टी हिकडं कधी घेतली? माझा उजवा खांदा आखडायचा म्हनून मी ती डावीकडं बसवली हुती.’

मी विचारलं. कीथनी मान हलवली. शिट्टी जिथे मिळाली तिथेच ठेवली आहे, म्हणाले. आम्ही एकही गोष्ट जागची हलवली नाही, तेच तर आमचं ब्रीद. मी शब्दाला शब्द सांगून मोकळी झाले. ह्यांचा डावा हात अजून वरच होता. तो त्यांनी हळूच मांडीवर घेतला.

मग बॉयलर. कीथनी हसत हसत तक्रार केली. तुमच्या कारखान्याच्या कागदांत लिहिलं होतं की दोन नंबरच्या बॉयलरच्या नळ्या नव्या घातल्या आहेत. आम्ही उघडून पाहिलं तर सगळ्या कुजलेल्या. त्यातच आमची पाच वर्षं गेली. हेही मी जसंच्या तसं सांगितलं. त्या वेळी मला काय ठाऊक होतं? हे म्हणाले, ‘मी सोता बसून नळ्या घातल्या हुत्या. दोन म्हैनं चाललं हुतं.’ आणि मग, अगदी हळू, ‘का घालायच्या ठरल्या हुत्या, आन् राहिल्या?’ ह्या माणसाला मी आयुष्यात स्वतःच्या कामाबद्दल शंका घेताना ऐकलं नव्हतं.

कीथ शेजारी उभे राहिले आणि ह्यांनी गाडी चालवली. डब्यांत आठ-दहा माणसं होती, मी पहिल्या डब्यात. गाडी सुटताना एक धक्का बसला, चहाचे कप सांडले, लोक हसले. मैलभर गेली, परत आली, आणि फलाटावर थांबायच्या जागी न थांबता एक डबाभर पुढे गेली. कुणाला काही वाटलं नाही. कीथ म्हणाले, पहिल्या वेळी मी तर दोन डबे पुढे गेलो होतो. हे खाली उतरले ते हाताकडे बघतच.

‘हात इसरला, बाई.’

मी त्यांना चहाच्या खोलीत बसवलं, केकचा तुकडा पुढे ठेवला. तेवढ्यात कीथनी मला बोलावलं. एक गंमत दाखवायची होती त्यांना. ह्यांचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून मलाच. चाकांना जोडणारा जाड लोखंडी दांडा असतो, त्याच्या आतल्या अंगावर त्यांनी टॉर्च मारला. तेलाखाली एक आकडा कोरलेला होता: एक.

दांड्यावर एक, चाकाजवळ एक, खालच्या चौकटीवर एक. कीथ खुशीत होते. म्हणाले, म्हणजे भंगारात गेलेल्या बहिणीचे भाग हिच्या अंगात आहेत. कारखान्यातले लोक असे भाग बदलतातच. ती बिचारी अशी तरी वाचली. यजमानांना विचारा ना, दांडे कधी बदलले?

मी वाकलेली होते ती तशीच राहिले. दांडे कधीच बदलले नव्हते. बदलली होती ती पाटी, आणि ती मी बदलली होती.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची, यंत्रांची पूजा असते. लाईन बंद पडल्यावरही हे दर वर्षी शेडमध्ये जायचे. आदल्या दिवशी दोन्ही गाड्यांच्या पाट्या उतरवून घरी आणायच्या, चिंचेनं घासून लख्ख करायच्या, नवमीला परत लावायच्या आणि झेंडूचे हार घालायचे. लिलावाच्या आधीच्या शेवटच्या खंडेनवमीला पाट्या घासून झाल्या आणि ह्यांची कंबर धरली. कुशीवर वळता येईना. सणाला गाड्या उघड्या राहायला नकोत म्हणून मला पाठवलं. सांगितलं, ‘दारातनं शिरलं की उजव्या हाताची माझी. डाव्या हाताची एक नंबर.’

शेडच्या पुढच्या दारासमोर रिकाम्या पोत्यांची थप्पी लागली होती. वॉचमननं मागचं दार उघडून दिलं. मी दारातून शिरले. उजव्या हाताच्या गाडीला दोनची पाटी लावली, डाव्या हाताच्या गाडीला एकची. स्क्रू घट्ट पिळले, हार घातले, नारळ फोडला. मला त्या दोन्ही सारख्याच दिसायच्या, काळ्या आणि धुळीनं माखलेल्या. दार बदललं की उजव्याचं डावं होतं, हे शाळेत भूगोलाचा बदली तास माझ्यावर पडायचा तेव्हा मी मुलांना फळ्यावर काढून दाखवत असे.

ह्यांची कंबर सुटायला दोन महिने लागले. तोवर शेडला सील लागून लिलाव उरकला होता; पुढे गाड्याही परस्पर हलवल्या, ह्यांना बघायला मिळाल्या नाहीत. कागदात दोन नंबरचा बॉयलर चांगला, म्हणून इंग्लंडवाल्यांनी दोन नंबर मागितली. नेणाऱ्यांनी पाटी वाचली आणि एक नंबर उचलली. राहिली ती तोडली. आम्ही पेढे वाटले ते त्याचे.

हे सगळं त्या चाकापाशी वाकलेल्या अवस्थेत मला एका क्षणात समजलं. कीथ उत्तराची वाट बघत होते. मी म्हटलं, हो, बदलले होते दांडे. फार वर्षांपूर्वी. ते आणखी खूश झाले, आणि वहीत लिहून घेतलं.

चहाच्या खोलीत परत गेले तर ह्यांनी केकला हात लावला नव्हता. तेव्हाच सांगायचं. चार वाक्यांचं काम होतं: अहो, तुमचं काही चुकलेलं नाही, ही तुमची गाडीच नव्हे. पण त्याच्या पुढचं वाक्य होतं, तुमची गाडी भंगारात गेली, आणि त्याच्याही पुढचं, ती मी घालवली. वाटलं, माणूस जन्मभर ज्या एका सुखावर बसला आहे ते ओढून कसं काढायचं? आज नको, उद्या सांगू. भित्रेपणाला चांगल्या मनाचं नाव देता येतं, ते मी दिलं.

संध्याकाळी शेवटची गाडी यायच्या आधी कीथनी फलाटावरच्या सगळ्यांना गोळा केलं. पंधरा-वीस माणसं असतील, छत्र्या धरून. हे भारतातले मूळ ड्रायव्हर, असं त्यांनी सांगितलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग कीथनी ह्यांना विचारलं, तुम्हाला आठवते तशीच आहे ना ही? मी मराठीत विचारलं.

हे माझ्याकडे बघत राहिले. ह्यांच्या डोळ्यांत इतकी लाज होती की मला खाली बघावं लागलं.

‘सांगा त्यांना,’ हे म्हणाले, ‘तशीच हाय. लगेच वळखली म्हनावं.’

मी तसं सांगितलं. परत टाळ्या. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अचूक भाषांतर ते असेल, आणि त्यात खरं काही नव्हतं.

मुक्कामी परतल्यावर हे खुर्चीत बसले, बूटसुद्धा न काढता. बाहेर अजून उजेड होता, त्यांच्याकडे उन्हाळ्यात तो नऊ-नऊपर्यंत जात नाही. हे म्हणाले की थोरल्यानं मळा वळखला नव्हता तेव्हा मला त्याचा राग आला हुता. वाटलं हुतं, सोंग करतोय. ‘सोंग नसतं, बाई. आतून कायच येत नाय. परक्याच्या दारात उभं असल्यागत वाटतं.’ मी त्यांच्या बुटांचे बंद सोडले. त्याहून जास्त काही केलं नाही.

परत वारज्याला

पुढचे चार दिवस आम्ही किल्ला पाहिला, समुद्र पाहिला, एक मोठं चर्च पाहिलं. लिहिण्यासारखं त्यात काही नाही. हे सगळीकडे माझ्या बाहीला धरून चालत होते.

घरी आल्यावर हे हळूहळू सगळं सोडायला लागले. आधी स्कूटरची किल्ली माझ्या हातात दिली. मग बसनं मांजरीला जाणं बंद केलं, उतरायचं कुठं ते इसरलो तर, म्हणून. दूध तापवायला ठेवेनात. शर्टाच्या खिशात एक चिठ्ठी सापडली, शुद्धलेखनाच्या चुकांसकट: नाव, फ्लॅट नंबर, माझा फोन. कर्वेनगरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी ह्यांना आकडे उलटे म्हणायला लावले, घड्याळ काढायला लावलं, आणि म्हणाले, अहो, यांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. हे जिन्यात मला म्हणाले, डाक्टरला काय म्हाईत? मी माझी गाडी वळखली नाय.

त्या दिवशी मात्र मला राहवलं नाही. दुपारी जेवणं झाल्यावर समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. खंडेनवमी, पोत्यांची थप्पी, मागचं दार, पाट्या. ती गाडी एक नंबर होती. शिट्टी तुम्ही डावीकडेच बसवली होती. नळ्या तुम्हीच घातल्या होत्या. तुमचा हात विसरला नाही, तो परक्या गाडीवर होता. तुमची गाडी माझ्यामुळे तुटली. मला जे म्हणायचं असेल ते म्हणा, हवं तर बोलू नका माझ्याशी, पण तुमचं डोकं शाबूत आहे. बोलता बोलता मला रडू फुटलं, आणि सांगायला लाज नाही, हलकंही वाटलं. मला वाटलं, आता हे चिडतील. ह्यांनी चिडावं म्हणून मी देव पाण्यात ठेवले असते.

ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या हातावर हात ठेवला.

‘बाई, उभ्या जल्मात तुमची साधी बेरीज चुकली नाय. तुम्ही पाटी चुकीची लावाल व्हय? मला बरं वाटावं म्हनून सांगताय. कळतंय मला.’

मी कीथनी मागाहून ई-मेलनं पाठवलेला फोटो मोबाइलवर काढला. मोठा करून दाखवला. हा बघा दांडा, हा आकडा. एक. दांडे तर तुम्ही कधीच बदलले नव्हते ना?

हे चष्मा लावून पुष्कळ वेळ बघत राहिले.

‘बदलले आसतील,’ हे म्हणाले. ‘माझ्याच ध्यानात राहिलं नसंल.’